मनी ट्रान्सफर कंपनीतली नोकरी घेण्याआधी: दोन ऑफरची तुलना कशी करायची

भुसावळच्या स्टेशनबाहेर किंवा शहाद्याच्या बाजारात मनी ट्रान्सफरच्या एकाच दुकानावर चार-पाच कंपन्यांच्या पाट्या लागलेल्या असतात. आत गल्ल्यावर बसलेला मुलगा मात्र बहुतेक वेळा त्यांपैकी एकाही कंपनीचा नोकर नसतो. या धंद्यात पाटी एकाची, पगार दुसऱ्याचा आणि परवाना तिसऱ्याचा, अशी रचना असते. त्यामुळे ‘वेस्टर्न युनियन चांगली की मनीग्राम’, ‘फिनो चांगली की स्पाइस मनी’ असं ब्रँडच्या नावावरून विचारून हाती काही लागत नाही. आधी तुमचा मालक नक्की कोण, ते ठरवा. मग तेच काम, तेच गाव आणि तोच कालावधी धरून ऑफर समोरासमोर ठेवा. खालचा क्रम त्यासाठीच आहे.

सगळ्यात आधी: ही नोकरी आहे का?

टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर ‘पेमेंट प्रोसेसिंग एजंट’, ‘घरबसल्या मनी ट्रान्सफर’ अशा जाहिराती फिरतात. तुमच्या खात्यात पैसे येतील, कमिशन कापून उरलेले पुढे पाठवा, असं काम सांगितलं तर तिथेच थांबा. फसवणुकीचा पैसा फिरवायला भाड्याने खाती गोळा करण्याची ही रीत आहे. १९३० या हेल्पलाइनवर कोणी तक्रार केली की पैशाच्या वाटेत आलेली खाती गोठतात, आणि पोलिसांची नोटीस खातेदाराच्या नावाने येते. खरी कंपनी तिचा पैसा तुमच्या वैयक्तिक खात्यातून कधीच फिरवत नाही. ‘ट्रेनिंग डिपॉझिट’, ‘लॅपटॉप सिक्युरिटी’ म्हणून पैसे मागणारा किंवा मूळ मार्कशीट ठेवून घेणारा एजंटही यातच धरा.

पायरी १: नेमणूकपत्रावर कोणाचं नाव आहे?

ऑफर लेटरच्या तळाशी कंपनीचं पूर्ण नाव आणि सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक) असतो. तो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर टाकून बघा. नाव पुढीलपैकी कोणत्या थरातलं आहे, यावर बाकीचं बरंच ठरतं.

परदेशातून येणारा पैसा रिझर्व्ह बँकेच्या एमटीएसएस (मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीम) या योजनेखाली येतो. वेस्टर्न युनियन, मनीग्राम, रिया या परदेशी मुख्य कंपन्या. त्यांचे भारतातले एजंट वेगळे आणि एजंटांचे सब-एजंट आणखी वेगळे. या योजनेत पैसा फक्त आत येतो, एका व्यवहाराची मर्यादा २,५०० डॉलर, एका लाभार्थ्याला वर्षात ३० व्यवहार, आणि रोख ५०,००० रुपयांपर्यंतच. देशातल्या देशात पैसे पाठवण्याचा धंदा वेगळा. त्यात फिनो, एअरटेल, इंडिया पोस्ट या पेमेंट्स बँका आहेत, आणि पेनिअरबाय, स्पाइस मनी यांसारख्या, दुकानदारांचं जाळं उभारून बँकेच्या वतीने काम करणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांच्याखाली जिल्ह्याचा डिस्ट्रिब्युटर असतो.

जळगावात ‘अमुक कंपनीत फिल्ड ऑफिसर’ म्हणून घेतलेल्या मुलाचा पगार कित्येकदा डिस्ट्रिब्युटर किंवा मनुष्यबळ पुरवणारी तिसरी कंपनी देते. पुण्यातही तेच. वेस्टर्न युनियनचं स्वतःचं तंत्रज्ञान केंद्र पुण्यात आहे, पण तशाच स्वरूपाचं काम बीपीओच्या पगारपत्रकावरही चालतं. दोन्हीकडे टेबल सारखंच दिसेल, पण बढती, विमा, सुट्ट्या आणि नोकरकपातीच्या वेळचा नंबर सारखा नसतो. मुलाखतीत सरळ विचारा: ‘मी कोणाच्या पेरोलवर असेन, आणि पीएफ कोणत्या नावाने भरला जाईल?’

पायरी २: कंपनीची नाडी तपासा

मित्राच्या मताआधी इथे या, कारण ही माहिती फुकट किंवा जवळपास फुकट मिळते आणि तिला कोणी रंग देऊ शकत नाही.

ईपीएफओच्या संकेतस्थळावर ‘एस्टॅब्लिशमेंट सर्च’ आहे. कंपनीचं नाव टाका, पत्ता जुळवून घ्या आणि पेमेंटचा तपशील उघडा. कोणत्या महिन्याचा पीएफ कधी भरला आणि किती कर्मचाऱ्यांचा भरला, हे ओळीने दिसतं. मागच्या बारा महिन्यांचे आकडे वहीत उतरवा. माणसं ८०० वरून ५५० वर आली असतील तर ‘आम्ही वेगाने वाढतोय’ हे एचआरचं वाक्य तिथेच निकालात निघतं. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. तो सतत उशिरा भरलेला दिसला तर कंपनीच्या हातात रोकड कमी आहे, आणि उद्या पगारही लांबू शकतो. एका कंपनीचे पीएफचे दोन-तीन कोड असू शकतात, म्हणून एकाच कोडवरून निष्कर्ष काढू नका.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं पाहता येतात. नफा-तोटा पत्रकात ‘कर्मचारी लाभ खर्च’ ही ओळ शोधा आणि दोन वर्षांची तुलना करा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आणि बाजारमूल्याने पहिल्या एक हजारांत असेल तर वार्षिक अहवालात बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल) असतो. त्यात कर्मचारी सोडून जाण्याचं तीन वर्षांचं प्रमाण आणि स्त्री-पुरुषांचा मध्यक पगार कंपनीला द्यावाच लागतो.

परदेशी कंपन्यांचं माप वेगळं. वेस्टर्न युनियन आणि रेमिटली अमेरिकेत नोंदलेल्या आहेत. त्यांचा टेन-के नावाचा वार्षिक अहवाल फुकट वाचता येतो, त्यात कर्मचाऱ्यांवर स्वतंत्र भाग असतो. रिया ही युरोनेटचा भाग असल्याने युरोनेटच्या अहवालात मनी ट्रान्सफरचा विभाग बघावा लागतो. वाइज २०२१ मध्ये लंडनच्या बाजारात आली. मनीग्राम मात्र जून २०२३ मध्ये खासगी गुंतवणूकदारांच्या मालकीची झाली, म्हणून तिची उघडी माहिती कमी मिळते. ती कंपनी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. फक्त तिथे कर्मचाऱ्यांशी बोलण्यावर जास्त भर द्यावा लागेल.

आता परवाना आणि धंद्याचं भविष्य. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि मार्चच्या मध्यानंतर तिचं नेहमीचं बँकिंग थांबलं. नोकरीची सुरक्षितता एका आदेशावर कशी टांगलेली असते, ते त्या दीड महिन्यात दिसलं. नोव्हेंबर २०२४ पासून दुकानातून रोख पाठवण्याचे केवायसी नियम कडक झाले, आणि यूपीआयने तो धंदा आधीच खाल्ला होता. अमेरिकेत १ जानेवारी २०२६ पासून रोखीने परदेशी पाठवलेल्या पैशावर १ टक्का कर लागला. बँक खात्यातून किंवा कार्डाने पाठवलेल्याला तो नाही. म्हणजे रोख काउंटरवर उभी असलेली कंपनी आणि ॲपवर उभी असलेली कंपनी, दोघींची पुढची पाच वर्षं सारखी नाहीत. मुलाखतीत विचारा: ‘ज्या उत्पादनासाठी मला घेताय, त्याचा धंदा दोन वर्षांत वाढला की घटला? आणि मागे कोणती बँक आहे?’ पाठीशी एकच बँक असेल तर जोखीम जास्त.

पायरी ३: पगाराची फोड करा

सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार असलेल्या एकूण खर्चाचा, मोठा आकडा बाजूला ठेवा. खालचं उदाहरण मुद्दाम मांडलं आहे. तुमचे आकडे त्याच चौकटीत भरा.

ऑफर ‘अ’: सीटीसी ६,००,०००. त्यातून व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) ९०,०००, कंपनीचा पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटी ११,५४४ (बेसिक २०,००० च्या ४.८१ टक्के) आणि विम्याचा हप्ता १२,००० वजा केला की ४,६४,८५६ उरतात, म्हणजे महिन्याला ३८,७३८. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसायकर २०० गेला की हातात ३६,७३८.

ऑफर ‘ब’: सीटीसी ५,५२,०००. व्हेरिएबल २७,६००, पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटी ११,८३३ (बेसिक २०,५००). विम्याचा हप्ता नोकरी देणारी कंपनी स्वतःच्या खर्चाने भरते, सीटीसीत मोजत नाही. महिन्याला ४०,९१४, आणि कपातीनंतर हातात ३८,९१४.

सीटीसी ४८,००० ने कमी, आणि दर महिन्याला हातात सव्वादोन हजारांच्या आसपास जास्त. ‘अ’ पुढे जाते ती व्हेरिएबल मिळालं तरच. ‘ब’ ने आपलं व्हेरिएबल पूर्ण दिलं असं धरलं, तर ‘अ’ ने किमान ६० टक्के दिल्याशिवाय वर्षअखेर बरोबरी होत नाही. म्हणून एचआरला ‘व्हेरिएबल किती’ यापेक्षा ‘मागच्या दोन वर्षांत या पदाला सरासरी किती टक्के मिळालं आणि ते कोणत्या महिन्यात जमा झालं’ हे विचारा. आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर हिशेबात व्हेरिएबल निम्मंच धरा.

काही बारीक गोष्टी. काही कंपन्या पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापतात, काही पूर्ण बेसिकवर. दुसऱ्या प्रकारात हातात कमी येतं, पण पीएफ खात्यात जास्त साठतं, म्हणून ‘हातात अधिक दोन्ही बाजूंचा पीएफ’ अशी बेरीज करून तुलना करा. फिल्डच्या नोकऱ्यांत पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) ०.७५ टक्के कापला जातो. तो कापला जातो का, हे स्लिपवर बघा. महिलांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसायकर नाही, तरी तो कापल्याची उदाहरणं सापडतात. व्यवसायकर फेब्रुवारीत ३०० असतो, त्यामुळे त्या महिन्यात शंभर रुपये कमी आले तर घाबरू नका.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू आहेत. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो, आणि ठराविक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते. कंत्राटी ऑफर असेल तर ‘फिक्स्ड टर्म’ म्हणून कंपनीच्या पेरोलवर घेताय की ठेकेदाराच्या, हे आता पैशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचं झालं आहे.

पायरी ४: फिल्डची नोकरी असेल तर इन्सेंटिव्हची तपासणी

खानदेशातल्या मुलांचं नुकसान इथेच होतं, म्हणून जरा थांबून वाचा.

पैसा एका ठिकाणाहून निघतो आणि दुसरीकडे उतरतो. अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याकडची माणसं सुरत, नवसारीकडे किंवा ऊसतोडीला जातात. ट्रान्सफर होतं ते तिकडच्या दुकानात. इकडे घरची माणसं आधार लावून पैसे काढतात. म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात रक्कम काढण्याचे व्यवहार मुख्य, पाठवण्याचे दुय्यम. जळगावच्या एमआयडीसीत उलट आहे: उत्तर प्रदेश, बिहारचे कामगार महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत घरी पैसे पाठवतात. आता मुंबईत बसून कंपनीने एकच टार्गेट ठरवलं आणि इन्सेंटिव्ह फक्त ट्रान्सफरच्या रकमेवर ठेवला, तर नंदुरबारचा मुलगा कितीही फिरला तरी स्लॅबमध्ये बसत नाही. त्याच कंपनीची तीच नोकरी जळगावात चांगली आणि धडगावात तोट्याची ठरते. ऑफरसोबत इन्सेंटिव्हची लेखी योजना मागा आणि त्यात तीन गोष्टी शोधा: कोणत्या व्यवहारांवर आहे, तुमचा तालुका कोणता, आणि त्याच तालुक्यातल्या आधीच्या माणसाला मागच्या सहा महिन्यांत किती मिळाला. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजारांच्या दिवसांत सातपुड्यात मजूर परततात आणि रोकड उचलली जाते. पावसाळ्यात हाच पट्टा थंड असतो. म्हणून एका चांगल्या महिन्याची स्लिप दाखवून दिली तर उरलेल्या पाच महिन्यांच्याही मागा.

पेट्रोलचा हिशेब करा. रोज ८० किलोमीटर, महिन्याला २४ दिवस, म्हणजे १,९२० किलोमीटर. गाडी ४५ चं ॲव्हरेज देत असेल आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर साधारण ४,४८० रुपये जातात. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग वेगळं. एक कंपनी ठोक ३,००० देते आणि दुसरी किलोमीटरला अडीच रुपये, म्हणजे ४,८००. पगार सारखा असला तरी फरक १,८०० चा पडतो. घाटरस्त्यावर ॲव्हरेज पडतं, तेही धरा.

सगळ्यात घातक म्हणजे उधारी. दुकानदाराचं वॉलेट (व्यवहारांसाठी आगाऊ भरायची शिल्लक) फिल्डवाल्याच्या शब्दावर भरलं जातं, दुकानदार पैसे अडकवतो आणि वसुली फिल्डवाल्याच्या पगारातून होते. नेमणूकपत्रात ‘मार्केट आउटस्टँडिंगची जबाबदारी कर्मचाऱ्याची’ अशा अर्थाचं कलम असेल तर ते काढायला सांगा. निदान लेखी विचारा की मर्यादा किती आणि उधारी मंजूर कोण करतो. दुकानदाराकडून रोख घेऊन स्वतःच्या फोनपेवरून त्याचं वॉलेट भरायचं काम तर कोणाच्याही सांगण्यावरून करू नका; खातं गोठलं की साहेब फोन उचलत नाहीत.

पायरी ५: पुण्यातली नोकरी असेल तर शिफ्ट आणि कामाचा दर्जा

मुख्य कार्यालय कुठे आहे, यावर तुमची झोप ठरते. वेस्टर्न युनियनचं डेन्व्हरला आहे: तिथे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. रेमिटलीचं सिएटलला, म्हणजे आणखी एक तास पुढे. वाइजचं लंडनला, म्हणजे दुपारी दीड किंवा अडीच. सगळ्याच टीम मुख्य कार्यालयाच्या वेळेवर चालत नाहीत, म्हणून ‘या टीमची शिफ्ट किती ते किती, आणि घड्याळ बदललं की शिफ्ट सरकते का’ हे विचारा. रात्रीचा भत्ता, घरापर्यंत गाडी आणि महिलांसाठी सोबतीची व्यवस्था ऑफरमध्ये लिहून घ्या.

सुट्ट्यांची यादी मागा. ती अमेरिकेच्या कॅलेंडरवर असेल तर दिवाळी एकच दिवस निघते. साप्ताहिक सुट्टी फिरती असेल तर आखाजीचं (अक्षय्य तृतीया) सोडाच, श्रावणातल्या रविवारी बसणाऱ्या कानबाईच्या उत्सवालाही घरी येता येत नाही. जळगाव-भुसावळला महाराष्ट्र एक्स्प्रेस किंवा आझाद हिंद तरी आहे. धुळे, शहाद्याकडच्यांना ट्रॅव्हल्सच धरावी लागते, म्हणून शुक्रवारची शिफ्ट किती वाजता सुटते हा प्रश्न क्षुल्लक नाही.

कॉमर्सच्या मुलांना या कंपन्यांत मिळणारं मोठं काम म्हणजे कम्प्लायन्स, नियम पाळले जातात का ते तपासणं. २०१७ मध्ये मनी लाँडरिंग आणि फसवणूक रोखण्यात कमी पडल्याबद्दल वेस्टर्न युनियनने अमेरिकेत ५८ कोटी ६० लाख डॉलर भरायचं मान्य केलं, आणि अशा कारवायांच्या धास्तीने सगळ्याच कंपन्यांना संशयास्पद व्यवहार तपासणारी माणसं लागतात. पण एकाच पदनामाखाली दोन वेगळी कामं चालतात. एकीकडे स्क्रीनवर अलर्ट येतो, नावं जुळवायची, ‘बंद’ किंवा ‘वर पाठवा’ दाबायचं. दुसरीकडे ग्राहकाचा सहा महिन्यांचा व्यवहार उलगडून अहवाल स्वतः लिहायचा. दोन वर्षांनी बाजारात किंमत दुसऱ्याची असते. दिवसाला किती अलर्टचा कोटा आहे, चूक निघाल्यास गुण कसे कापतात, पहिल्या स्तरावरून दुसऱ्यावर जायला मागच्या वर्षी किती जणांना किती महिने लागले, आणि कॅम्स (मनी लाँडरिंग रोखण्याच्या कामाचं प्रमाणपत्र) परीक्षेची फी कंपनी भरते का, हे विचारा. आमच्या मते पहिल्या नोकरीत दोन हजार कमी घेऊन अहवाल लिहायचं काम मिळत असेल तर तेच घ्यावं.

पायरी ६: रिव्ह्यू वाचा, पण गाळून

अॅम्बिशनबॉक्स आणि ग्लासडोअरवर कंपनीचे एकूण गुण बघून सोडू नका. शहर, विभाग आणि शेवटचं वर्ष हे फिल्टर लावा. ब्रँडच्या नावाखाली दुकानातल्या काउंटरवाल्यांचे, बीपीओच्या माणसांचे आणि मूळ कर्मचाऱ्यांचे रिव्ह्यू एकत्र झालेले असतात. पदनाम वाचून वेगळे काढा. एकाच आठवड्यात आलेले दहा-बारा पंचतारांकित रिव्ह्यू, तेही दोन ओळींचे, बाजूला ठेवा. तसंच नुकत्याच काढलेल्या माणसाचा संतापही. एकच तक्रार वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या माणसांकडून आली असेल तर ती खरी धरा.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे लिंक्डइनवर कंपनीच्या पानावर ‘पीपल’मध्ये आपलं कॉलेज किंवा उमवि (जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) टाकणं. जळगाव-शिरपूरकडचं कोणीतरी सापडतंच. निरोप छोटा ठेवा: ‘दादा, नमस्कार. मी उमवितून बी.कॉम. केलं. तुमच्या कंपनीच्या कम्प्लायन्स टीमची ऑफर आहे. व्हेरिएबल मागच्या वर्षी किती टक्के मिळालं आणि शिफ्ट फिरते का, एवढंच सांगाल का?’ दोन नेमक्या प्रश्नांना उत्तर येतं. ‘कंपनी कशी आहे’ याला येत नाही.

पायरी ७: सही करण्याआधी

बॉण्ड असेल तर ‘कोर्टात टिकत नाही’ असं सांगणाऱ्यावर विसंबू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख भरण्याची अट वैध ठरवली. रक्कम, मुदत आणि ‘कंपनीनेच काढलं तर बॉण्ड लागू नाही’ हे वाक्य, तिन्ही तपासा. नोटिशीचा काळ दोन्ही बाजूंना सारखा आहे का तेही बघा. तुम्हाला ९० दिवस आणि कंपनीला ३० दिवस असेल तर बोलून घ्या.

जुनी नोकरी सोडण्याचं पत्र नवी लेखी ऑफर, रुजू होण्याची तारीख आणि पार्श्वभूमी तपासणी पूर्ण झाल्याचा मेल, हे तिन्ही हातात आल्यावरच द्या. पैशाशी संबंधित कंपन्यांत ही तपासणी कडक असते. सिबिलवर थकलेलं कर्ज किंवा दोन नोकऱ्यांच्या एकमेकींवर येणाऱ्या तारखा निघाल्या तर ऑफर शेवटच्या आठवड्यातही मागे घेतली जाते. आधीच्या डिस्ट्रिब्युटरकडे पीएफ नसेल तर बँकेत पगार जमा झाल्याची पानं आणि कामाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. नव्या ठिकाणी जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) द्या. दुसरा तयार झाला तर दोन्ही खाती एकत्र करताना फेऱ्या मारत बसावं लागतं.